एलईडी, क्यूएलईडी, ओएलईडी: टीव्ही घेताना नक्की काय बघायचं?

आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. कानात इअरफोन घालायला वेळ नसेल तर वाचून काढा.

सणासुदीच्या सेलचे दिवस आले की एक प्रश्न हमखास येतो: "दादा, ५५ इंची घ्यायचाय. क्यूएलईडी घेऊ की ओएलईडी? नावात एका अक्षराचा फरक, मग किमतीत एवढा का?" कारण ही दोन्ही तंत्रं मुळातच वेगळी आहेत. नावं बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: स्क्रीनमधला उजेड येतो कुठून?

आधी एक प्रयोग करू. फोनवर पूर्ण काळा फोटो उघडा, ब्राइटनेस फुल करा आणि खोलीतला दिवा बंद करा. स्क्रीन अंधारात गायब झाली? तुमचा फोन ओएलईडी, म्हणजे ॲमोलेडवाला. राखाडी उजेड दिसतोय? मग एलसीडी. टीव्हीतही मूळ फरक हाच.

एलसीडी, म्हणजेच दुकानातला "एलईडी टीव्ही"

यात मागे एलईडी दिवे असतात आणि पुढे लिक्विड क्रिस्टलचा थर. हा थर स्वतः उजेड देत नाही, खिडकीच्या पडद्यासारखा फक्त अडवतो. पडदा कितीही ओढला तरी थोडा उजेड झिरपतोच, म्हणून काळा रंग राखाडी दिसतो. यात व्हीए पॅनेलचा काळा जास्त गडद असतो, तर आयपीएस पॅनेल बाजूने बघितलं तरी रंग टिकवतं.

क्यूएलईडी

हासुद्धा एलसीडीच! फक्त मध्ये क्वांटम डॉट्सचा थर घातलेला. हे काही नॅनोमीटरचे कण निळा प्रकाश घेऊन शुद्ध लाल आणि हिरवा देतात. याच क्वांटम डॉट्सच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे मामला खरा आहे, पण त्याने रंग सुधारतात. काळा रंग तिथेच राहतो.

मिनी एलईडी

इथे मागचे दिवे खूप छोटे, खूप जास्त आणि गटागटांत विभागलेले. या गटांना झोन म्हणतात. सीन जिथे काळा, तिथला झोन मंद होतो. झोन कमी असतील तर काळ्या आकाशातल्या चंद्राभोवती धुरकट वलय दिसतं. म्हणून बॉक्सवर फक्त "मिनी एलईडी" वाचून खूश होऊ नका, झोन किती ते विचारा.

ओएलईडी

इथे मागे दिवाच नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो, स्वतः विझतो. काळा म्हणजे खरोखर बंद. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघायला याला तोड नाही. पण दोन अडचणी आहेत. एक, संपूर्ण स्क्रीन उजळ असेल तेव्हा चांगल्या मिनी एलईडीइतका लखलखाट जमत नाही. दोन, पिक्सेल वापराने झिजतात. एकाच जागी रोज तासन् तास तोच लोगो राहिला तर त्याचा डाग कायमचा उमटू शकतो. याला बर्न-इन म्हणतात. नव्या मॉडेल्समध्ये ते टाळायच्या युक्त्या असतात, पण धोका शून्य होत नाही.

आता आमच्या घरचं गणित सांगतो. हॉलला मोठी बाल्कनी, दिवसभर भरपूर उजेड. बाबा सकाळपासून न्यूज चॅनेल लावतात, खाली ती ब्रेकिंग न्यूजची लाल पट्टी. संध्याकाळी आईच्या मालिका, सीझनला आयपीएल. मी रात्री लाइट घालवून सिनेमा बघणार, तोही आठवड्यातून एकदा. मला मनापासून ओएलईडी हवा होता. पण तासांचा हिशोब मांडला तर तो बाबांचा टीव्ही निघाला, माझा नाही. आम्ही मिनी एलईडी घेतला.

दुकानात गेल्यावर

१. डेमो मोड बंद करायला सांगा. तो शोरूमच्या झगमगाटासाठी असतो. "मूव्ही" किंवा "सिनेमा" मोडवर बघा.

२. पेन ड्राइव्हवर स्वतःच्या दोन क्लिप न्या: एक अंधारा सीन, एक क्रिकेटची.

३. सोफ्याच्या टोकाला बसल्यासारखं बाजूने बघा. रंग फिके पडतात का?

४. पॅनेलचा खरा रिफ्रेश रेट विचारा: ६० की १२० हर्ट्झ? "मोशन रेट २४०" वगैरे आकडे म्हणजे तो नव्हे.

५. "एचडीआर सपोर्ट" या शब्दांवर जाऊ नका. स्वस्त पॅनेल एचडीआर सिग्नल घेतं, पण तो दाखवण्याइतका उजेड त्याच्याकडे नसतो. निट्स किती ते विचारा.

थोडक्यात: अंधारी खोली आणि सिनेमाचं वेड असेल तर ओएलईडी. उजेडाचा हॉल, न्यूज आणि क्रिकेट असेल तर मिनी एलईडी. बजेट कमी असेल तर व्हीए पॅनेलचा साधा फोर-के घ्या, नुसत्या "क्यू" अक्षरासाठी ईएमआय वाढवू नका.

तुमच्या घरी रिमोट सगळ्यात जास्त वेळ कुणाच्या हातात असतो, ते कमेंटमध्ये सांगा. टीव्ही त्यांच्यासाठीच घ्यायचाय. भेटू पुढच्या भागात!