दमाची हंडी थांबते, थालीपीठ थांबत नाही

युनेस्कोनं ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी लखनौला खाद्यसंस्कृतीचं सर्जनशील शहर ठरवलं. हैदराबादला हा मान २०१९मध्येच मिळाला होता. दिल्लीच्या पंचतारांकित हॉटेलांत या दोन्ही शहरांच्या जेवणाची ओळख करून द्यावी लागत नाही. थंडी पडली की तिथं प्रांतिक खाद्यमहोत्सवांचा हंगाम सुरू होतो आणि अवध, हैदराबाद, काश्मीर, चेट्टिनाड ही नावं आलटून पालटून फलकावर चढतात. महाराष्ट्राची पाळी येते ती बहुधा एक मे किंवा गणपतीच्या आसपास, आठ-दहा दिवसांपुरती. फलक उतरला की मागे काही उरत नाही.

मराठी जेवण साधं, त्यात थाट नाही, असं यावरचं ठरलेलं उत्तर. ते चुकीचं आहे. खरं कारण बुफेच्या टेबलावर, झाकणाच्या चेफिंग डिशमध्ये आहे.

पण त्याआधी हॉटेलाबाहेरची दिल्ली पाहू. दिल्ली मेट्रोच्या पिंक लाइनवर भिकाजी कामा प्लेस, सरोजिनी नगर आणि दिल्ली हाट–आयएनए ही तीन स्थानकं सलग येतात. पहिल्यापाशी हयात रीजन्सीसारखं मोठं हॉटेल. तिसऱ्यापाशी १९९४मध्ये सुरू झालेलं दिल्ली हाट, जिथं राज्याराज्यांच्या गाळ्यांवर मोमोपासून वडापावापर्यंत सगळं उघड्यावर बसून खाता येतं. समोरच आयएनए मार्केट. मासे, नारळ, दक्षिणेकडचे मसाले हवे असले की दिल्लीकर तिकडेच वळतो. आणि मधलं सरोजिनी नगर बाहेरच्यांना माहीत आहे ते स्वस्त कपड्यांच्या बाजारामुळे.

पण सरोजिनी नगर मुळात केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. हा पट्टा पूर्वी विनयनगर म्हणून ओळखला जाई. एका जिन्यावर बंगाली, तमिळ, मराठी, पंजाबी बिऱ्हाडं, आणि सणाच्या दिवशी झाकलेल्या ताटल्यांची देवाणघेवाण. प्रांतिक खाद्यमहोत्सव म्हणतात तो अशा क्वार्टरांमध्ये वर्षभर चालत असे, आणि त्यात पुरणपोळी तव्यावरून शेजारच्या ताटात जायला दोन मिनिटं पुरत. २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सात वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली, त्यात ही वसाहतही होती. ३ जानेवारी २०२५ला इथल्या २८ मनोऱ्यांचं, अडीच हजारांहून अधिक घरांचं उद्घाटन झालं. घरं नवी झाली, ते चांगलंच झालं. जुन्या जिन्यांवरची ताटल्यांची ये-जा लिफ्टच्या इमारतीत तशीच राहील का, हा प्रश्न मात्र उरतो.

आता हॉटेलकडे वळू. अवधी जेवण पंचतारांकित कसं झालं, याची गोष्ट एका माणसाभोवती फिरते. इम्तियाज कुरेशी. लखनौच्या खानसाम्यांच्या घराण्यात १९३१मध्ये जन्म, झुपकेदार मिश्या, पैलवानी बांधा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते आयटीसीच्या हॉटेलांत आले आणि १९८८मध्ये दिल्लीच्या मौर्य हॉटेलात ‘दम पुख्त’ हे रेस्तराँ उभं राहिलं. लखनौत एका मुख्यमंत्र्यांच्या पूर्ण शाकाहारी मेजवानीत त्यांनी मासळी आणि मुसल्लमचा भास देणारे पदार्थ भाज्यांमधून घडवले, अशी आख्यायिका सांगितली जाते. २०१६मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२४च्या फेब्रुवारीत ते गेले. कुरेशींचं मोठेपण चवीत होतंच, पण त्यांनी हॉटेलला जे दिलं ते तंत्र होतं. हंडीचं तोंड कणकेनं बंद करायचं, मंद आचेवर ठेवायचं आणि पाहुण्यासमोर उघडायचं. दमावरची बिर्याणी वाट पाहू शकते. निहारी रात्रभर शिजते. कोरमा तासभर थांबला तर बिघडत नाही, उलट मुरतो. हॉटेलला हेच हवं असतं, कारण पाहुणा साडेसातला येईल की साडेदहाला, हे तिथं कोणालाच माहीत नसतं.

थालीपीठाला ही सवलत नाही. तव्यावरून उतरल्यावर लोण्याचा गोळा त्यावर विरघळतोय तोवरच ते थालीपीठ. उकडीचा मोदक वाफेतून निघाला की थोड्याच वेळात पारी कोरडी पडून तडकू लागते. पिठलं घट्ट होऊन बसतं, कोशिंबिरीला पाणी सुटतं, रव्यात तळलेली सुरमई झाकणाखालच्या वाफेनं मऊ पडते, सोलकढी गरम जागी ठेवली की फुटते. ज्वारीच्या भाकरीबद्दल तर बोलायलाच नको. कटाची आमटी, उसळ, तांबडा-पांढरा रस्सा, भरली वांगी यांना थांबणं जमतं, म्हणून महोत्सवात तेच दिसतात, आणि पाहुण्याला वाटतं की मराठी जेवण म्हणजे एवढंच. वरणभात बिचारा टेबलावर येतच नाही, कारण त्याला साजूक तूप आणि लिंबू हातोहात वाढणारं माणूस लागतं.

दुसरी अडचण ग्रेव्हीची. मोठ्या हॉटेलच्या भारतीय स्वयंपाकघरात सकाळीच पातेली भरून ग्रेव्ह्या तयार होतात: एक कांद्याची, एक टोमॅटोची मखनी, एक काजूची पांढरी. त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांतून रात्रीचा अर्धा मेनू निघतो. मराठी स्वयंपाक या पातेल्यांत बसत नाही. गोडा मसाला वेगळा, मालवणी वेगळा, भाजक्या कांदा-खोबऱ्याचं वाटण वेगळं, खानदेशी काळा मसाला आणखी वेगळा. बसवायचा प्रयत्न झाला की काय होतं, ते उत्तर भारतातल्या असंख्य मेनूंवरच्या ‘व्हेज कोल्हापुरी’नं दाखवून दिलं आहे. लाल तिखट घातलेली ती कांदा-टोमॅटोची भाजी कोल्हापूरच्या घरात कोणी रांधत नाही.

हे जमणारच नाही असं नाही. १९९०मध्ये बंगळुरूत ‘करावली’ हे रेस्तराँ सुरू झालं तेव्हा किनारपट्टीवरच्या घराघरांतून पाककृती गोळा केल्या गेल्या, आणि पदार्थ बुफेत न मांडता मागणीप्रमाणे शिजवले गेले. मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात शेफ आनंद सॉलोमन यांच्या हाताखाली ‘कोकण कॅफे’नं किनाऱ्याच्या जेवणाला प्रतिष्ठा मिळवून दिली. मागणीप्रमाणे शिजवायचं आणि घरातल्या बाईला गुरू मानायचं, एवढं या दोन्हींवरून शिकण्यासारखं आहे. आपल्याकडे त्या गुरूंची लेखी परंपराही आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१०चं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७०ची.

आणि वाढण्याची पद्धत? ती तर तयारच आहे. पंगत. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, आधी वरणभात, मग पोळी आणि पक्वान्न, शेवटी ताकभात, आणि ओळीतून फिरणारे वाढपी. गरम पदार्थ गरम असतानाच ताटात पडावा यासाठीच ही व्यवस्था घडली. दिल्लीत ती चालते याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. आंध्र भवनात माणसं रांगा लावून थाळी जेवतात, तिथं भात, सांबार, भाज्या घेऊन वाढपी टेबलाटेबलावर फिरत असतात. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या नव्या महाराष्ट्र सदनाच्या कँटीनकडेही मराठी माणूस त्याच आशेनं जातो.

मग पंचतारांकित हॉटेलनं बुफेचं टेबल दहा दिवस बाजूला सारून दोन वेळांच्या दोन पंगती का मांडू नयेत? साडेसातची एक, साडेनऊची एक. पाहुणा वेळेवर येईल, स्वयंपाकघराला आकडा कळेल, पोळी तव्यावरून ताटात येईल. जळगावचं भरिताचं वांगं, मंगळवेढ्याची ज्वारी, रत्नागिरी-सिंधुदुर्गचं कोकम, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. ती नावं मेनूवर छापा. पाहुण्याला ती गोष्टही आवडेल.

खर्चाचीही बाब आहेच. खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर असलेल्या हॉटेलात जेवणाच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो, साध्या रेस्तराँत ५ टक्के. इतके पैसे मोजणाऱ्याला ताजं थालीपीठ मागायचा हक्क आहे. म्हणून दिल्लीतल्या मराठी वाचकांना एक विनंती. पुढच्या महाराष्ट्र महोत्सवाचं टेबल राखून ठेवण्याआधी हॉटेलला फोन करा आणि विचारा: भाकरी आणि थालीपीठ मागितल्यावर तव्यावरून थेट टेबलावर येणार का? रांधायला कोण आलंय, कुठून आलंय? उत्तर गुळमुळीत आलं, तर पिंक लाइन पकडा आणि दिल्ली हाटला उतरा.