कूटसूत्राचे परीक्षण : न्याय आणि चमत्कृती

मराठी वृत्तपत्रांतील शब्दकोड्यांची सूत्रे बहुधा समानार्थी शब्द वा सामान्यज्ञान यांवर आधारलेली असतात. इंग्रजीतील कूटसूत्राचे स्वरूप याहून भिन्न आहे. त्यात एकाच वाक्यातून उत्तराचा अर्थ आणि त्याच्या अक्षरांची घडण अशा दोन्ही वाटा सुचविलेल्या असतात. वाच्यार्थ मात्र चकवा देतो. हौशी रचनाकारांकडून अशी सूत्रे मागवून त्यांचा निवाडा करण्याची परंपरा लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये ‘झिमेनीझ’ (डी. एस. मॅकनट) यांनी रुजविली आणि १९७२ पासून ‘अ‍ॅझेड’ (जोनाथन क्राउदर) यांनी ती पुढे चालविली. नेमकी व्याख्या, घडणीचे न्याय्य दिग्दर्शन आणि याखेरीज काहीही नाही, ही अ‍ॅझेड यांची कसोटी होय. मराठीत ती कशी लागू करावी, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

हा विचार आपल्या परंपरेला अपरिचित नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार वर्णिले असून पूर्वाचार्यांनी सांगितलेल्या चौदा दुष्ट प्रहेलिकांचाही उल्लेख केला आहे. पदांच्या संधीमुळे अर्थ दडविणारी ‘समागता’ आणि रूढ अर्थाने फसविणारी ‘वंचिता’ ही कूटसूत्राचीच पूर्वरूपे म्हणता येतील. प्रहेलिका रसाला बाधक म्हणून विश्वनाथाने तिला अलंकारत्व नाकारले. तेव्हा कूटसूत्राला रसाचे माप लावणे अप्रस्तुत ठरते. त्याचे माप न्यायाचे आहे.

रत्नागिरीतील एखाद्या महाविद्यालयाच्या वाङ्मय मंडळाने ‘राजापूर’ हा शब्द देऊन सूत्रे मागविली, असे समजू. एक सूत्र येते : ‘अर्जुनेच्या पाण्यात राजा बुडाला (४)’. राजापूरची अर्जुना नदी ठाऊक असलेला श्रोतृवर्ग यास दाद देईल. तथापि येथे गावाची व्याख्या नाही. शिवाय ‘पाण्यात बुडाला’ या शब्दांवरून ‘राजा’ दुसऱ्या शब्दाच्या पोटात असावा असे सूचित होते, प्रत्यक्षात तो आरंभी आहे. दुसरे सूत्र असे : ‘नृपाच्या पाठोपाठ नदीला उधाण; गंगेसाठी ख्यात गाव (४)’. नृप म्हणजे राजा, त्यामागे पूर, शेवटी व्याख्या. एकही शब्द वाया गेलेला नाही. पहिले सूत्र अधिक चटकदार असले, तरी पारितोषिक दुसऱ्यालाच द्यावे लागेल.

मराठीत आणखी एक अडचण संभवते. शब्दकोड्याच्या चौकटीत सुटा वर्ण नव्हे, तर स्वरयुक्त अक्षर बसते. आणि विभक्तिप्रत्यय लागताच नामाचे सामान्यरूप होते. ‘दीन’ उलटल्यास ‘नदी’ मिळते. परंतु ‘उलटलेल्या दीनातून जलप्रवाह (२)’ असे लिहिल्यास हाती ‘दीना’ येते आणि उलटून ‘नादी’ होते. ‘दीन उलटला, जलप्रवाह झाला (२)’ ही रचना निर्दोष होय. ‘नृपाच्या’ या रूपास मात्र हा आक्षेप लागू होत नाही, कारण तेथे अक्षरे नव्हे, अर्थ घेतला आहे. इंग्रजी कसोटीत या भेदाची तरतूद नाही. मराठी परीक्षकाने ती करावयास हवी.

तात्पर्य, परीक्षणाचा क्रम ठरलेला असावा : आधी निर्दोषता, मग मितव्यय, त्यानंतर वाच्यार्थाची सफाई. सूत्र नाकारताना दोष नेमका दाखविणे हेही परीक्षकाचे कर्तव्य आहे. हरलेल्या स्पर्धकाला आपले सूत्र कोठे फसले हे कळले, तर श्लेष आणि सामान्यरूप हे विषय त्याला पाठ्यपुस्तकाबाहेर प्रथमच भेटतील.