काम जड की हलकं, हे मोजायचं कसं?

मागच्या आठवड्यात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलं, "ताई, पीएचडीला 'गोंदिया जिल्ह्यातील विविध व्यवसायांच्या शारीरिक गरजा' असा विषय घेतला तर चालेल का?" मी म्हटलं, चालेल. पण 'शारीरिक गरज' म्हणजे नक्की काय मोजणार, ते आधी एका वाक्यात लिहून आण. ती अजून लिहितेच आहे. मला स्वतःला ते वाक्य लिहायला दीड वर्ष लागलं, म्हणून आज त्यावरच लिहिते.

आमच्या जिल्ह्यात या विषयाला तोटा नाही. भातगिरणीत पोती वाहणारे हमाल आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये बांधीत वाकून रोवणी करणाऱ्या बाया आहेत. एप्रिल-मेच्या उन्हात तेंदूपत्ता तोडून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधणारी कुटुंबं आहेत. नवेगाव-नागझिऱ्यात पायी गस्त घालणारे वनरक्षक आहेत. आणि सूप मांडीवर घेऊन दिवसभर बिड्या वळणाऱ्या बाया आहेत, ज्यांत माझी आईही आहे. यातलं सगळ्यात जड काम कोणतं आणि सगळ्यात हलकं कोणतं? वर्गात विचारलं तर बहुतेक हात हमालासाठी वर जातात आणि बिडी शेवटी येते. अमेरिकेच्या श्रम खात्याची जुनी वर्गवारीही हेच सांगेल. तिच्यात काम किती जड ते मुख्यतः उचललेल्या वजनावरून ठरतं. साडेचार किलोपर्यंत 'बैठं', नऊ किलोपर्यंत 'हलकं', तेवीसपर्यंत 'मध्यम', पंचेचाळीसपर्यंत 'जड' आणि त्यापुढे 'अति जड'. वजन दिवसातून अधूनमधून उचलायचं की सतत, हेही ती बघते. पन्नास किलोचं पोतं उचलणारा हमाल थेट वरच्या पायरीवर जातो. बिडीचं वजन किती, हे सांगायची गरजच नाही.

वजनाची पट्टी फसवी आहे असं वाटलं, म्हणून मी हृदयाचे ठोके घ्यायचे ठरवले. छातीला पट्टा बांधायचा, मनगटावरच्या घड्याळात आकडे साठतात. स्वस्त, सोपं आणि शेतातही चालतं. यामागचा हिशोब समजून घ्या, कारण तुमच्यापैकी अनेक जण हाच मार्ग धरणार आहात. स्नायूंनी जास्त काम केलं की त्यांना जास्त ऑक्सिजन लागतो, तो पोचवायला हृदय जास्त वेगाने चालतं. म्हणून ठोक्यांवरून ऊर्जेचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे याची चांगली परंपरा आहे. मुंबईच्या सायन इथल्या केंद्रीय श्रम संस्थेतल्या पी. एन. साहा आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये भारतीय कामगाराला दिवसभर झेपेल अशा कामाची मर्यादा मांडली : कमाल ऑक्सिजन क्षमतेच्या साधारण ३५ टक्के, म्हणजे मिनिटाला सुमारे १८ किलोज्यूल आणि ठोके ११० च्या आसपास. पुढे १९९४ मध्ये वर्गीस, साहा आणि अत्रेय यांचं काम आलं. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी स्त्रियांच्या कामाची वर्गवारी आजही गृहविज्ञानाच्या प्रबंधांत सर्रास दिसते. सूत्र असं : ठोक्यांना ०.१५९ ने गुणा, त्यातून ८.७२ वजा करा, मिनिटाला किती किलोज्यूल ते मिळतं. पाच किलोज्यूलपर्यंत 'अति हलकं', साडेसातपर्यंत 'हलकं', दहापर्यंत 'मध्यम जड', आणि तसंच पुढे.

पहिला पट्टा मी आईलाच बांधला. बसल्या बसल्या बिड्या वळताना तिचे ठोके ८४ आले. सूत्रात घाला : ४.६ किलोज्यूल. अति हलकं काम. दुसऱ्या पद्धतीनेही करून पाहिलं. वय ४८, म्हणून कमाल ठोके २२० वजा ४८, म्हणजे १७२. विश्रांतीचे ७४. हातात असलेली राखीव क्षमता ९८, त्यातले वापरले फक्त १०. जेमतेम दहा टक्के. मी आकडे वहीत लिहीत होते तेव्हा आई म्हणाली, "पट्टा छातीला कशाला बांधतेस गं? दुखते तर इथं." आणि तिने अंगठ्याचं मूळ दाखवलं.

खरं सांगायचं तर तेव्हा मी हसले आणि पुढचं पान उघडलं. संशोधन सल्लागार समितीपुढे तोच तक्ता घेऊन गेले, तेव्हा एका परीक्षकांनी विचारलं, "काम इतकं हलकं आहे, तर बायका पन्नाशीच्या आत हे काम सोडतात का?" उत्तर नव्हतं. उत्तर आईने आधीच दिलेलं होतं, पण ते माझ्या तक्त्याच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हतं.

बिडीचं काम जरा जवळून बघा. भिजवलेलं पान कात्रीने मापाने कापायचं, त्यात जर्दा पसरायचा, दोन्ही हातांच्या बोटांनी वळायची, तोंड दुमडायचं, धागा गुंडाळायचा. मजुरी हजार बिड्यांवर ठरते. प्रत्येक बिडीला हे पाचच टप्पे धरले तरी हजाराला पाच हजार हालचाली होतात, आणि त्यांचा भार त्याच अंगठ्यावर, त्याच दोन-तीन बोटांवर. मान पुढे झुकलेली, पाठीला टेका नाही, मांडी घातलेली. हृदयाला या कामाचा पत्ताही लागत नाही, कारण लहान स्नायूंना लागणारा ऑक्सिजन एकूण हिशोबात नगण्य असतो. हा दोष ठोक्यांचा नाही. मी त्यांना जो प्रश्न विचारला तो त्यांचा नव्हता.

अशा कामाला वेगळी साधनं लागतात. हात, मनगट, मान, पाठ यांच्या कोनांना गुण देणारी 'रुला' ही पद्धत १९९३ ची आहे. सगळ्या शरीराच्या ठेवणीसाठी 'रेबा' २००० मध्ये आली. कुठे दुखतं, किती दिवस दुखतं, त्यामुळे काम बुडालं का, हे शरीराच्या आकृतीवर विचारणारी नॉर्डिक प्रश्नावली १९८७ पासून आहे. मी आता बिडीसाठी ती सगळ्यात आधी भरून घेते. मग हालचालींची मोजदाद, आणि ठोके सगळ्यात शेवटी.

ठोक्यांबद्दल अजून एक सावधगिरी. साहांचे ११० ठोके आणि १८ किलोज्यूल आठवा. आता स्त्रियांच्या सूत्रात ११० घालून बघा. ८.८ किलोज्यूल येतात. ठोके तेच, ऊर्जा निम्मी! मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा वाटलं, आपणच गुणाकार चुकलो. चुकले नव्हते. शरीराचा आकार, क्षमता, कोणत्या लोकांवर आणि कोणत्या कामांवर सूत्र बसवलं, या सगळ्याने उत्तर बदलतं. त्यामुळे एका लेखातली मर्यादा आणि दुसऱ्या लेखातलं सूत्र एकाच तक्त्यात शेजारी बसवू नका. आणि उष्णता विसरू नका. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईचे ठोके नुसत्या उन्हानेच वाढलेले असतात, कारण हृदयाला शरीरातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेकडेही रक्त पाठवायचं असतं. ती वाढ तुम्ही सूत्रात घातली तर न केलेल्या कामाची ऊर्जा मोजाल. रोवणीत उलट गोची आहे. ठोके 'मध्यम जड' दाखवतील, पण कंबर तासन् तास नव्वद अंशात वाकलेली आणि पाय चिखलात, हे त्यांना दिसणार नाही. रोवणी हे बायांचं 'सोपं' काम, म्हणून मजुरी कमी, असं आजही बांधावर ऐकू येतं. आपण चुकीची पट्टी लावली तर त्या बोलण्यावर विज्ञानाचा शिक्का बसतो. ही भीती मला खरोखर वाटते.

हमालांकडे वळू. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३४ सांगत होतं की इजा होईल इतकं वजन कुणाला उचलायला लावू नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोच्या वर असलेली मर्यादा खाली आणावी अशी शिफारस केली. आणि अमेरिकेच्या नायॉश संस्थेचं १९९१ चं समीकरण आदर्श स्थितीतही २३ किलोंपासूनच सुरुवात करतं. वजन शरीरापासून दूर असेल तर तो आकडा आणखी घटतो. २५ ला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागायचं, आणि आलेल्या आकड्याने २३ ला गुणायचं. पोतं ५० सेंटिमीटरवर असेल तर तेवढ्यानेच मर्यादा साडेअकरा किलोवर येते. पन्नास किलोचं पोतं म्हणजे चौपटीहून जास्त. वाचून लगेच तक्ता करावासा वाटतो ना? थांबा. हे समीकरण दोन हातांनी उचलण्या-ठेवण्यासाठी आहे. पाठीवर किंवा डोक्यावर वाहून नेण्यासाठी नाही. आमच्या गिरणीत दोघे जण उचलून तिसऱ्याच्या पाठीवर पोतं देतात आणि तो फळीवरून ट्रकमध्ये चढतो. यातला उचलण्याचा भाग नायॉशच्या जवळपास येतो, वाहण्याचा अजिबात नाही.

आतापर्यंत काम मोजलं. भरतीत उलटं होतं, तिथे माणूस मोजतात. माझा धाकटा भाऊ वनरक्षक भरतीची तयारी करतो. पहाटे पाचला रस्त्यावर असतो. उंची पुरुषांना किमान १६३ सेंटिमीटर, स्त्रियांना १५०. धावणं पुरुषांना ५ किलोमीटर, स्त्रियांना ३. शिवाय चार तासांत चालणं, पुरुषांना २५ किलोमीटर आणि स्त्रियांना १६. पद एकच, बीट एकच, जंगलही एकच. मग अंतर दोन का? जाहिरातीत फक्त आकडा असतो, तो कोणत्या कामावरून आला हे लिहिलेलं नसतं. चालण्याची चाचणी मला गस्तीच्या कामाच्या जवळची वाटते. पाच किलोमीटर पळण्याबद्दल तसं म्हणायला मी कचरते, पण माझ्याकडे गस्तीची मोजमापं नाहीत, म्हणून इथेच थांबते.

असाच प्रश्न कॅनडात थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. ब्रिटिश कोलंबियात वणवा विझवणाऱ्या तुकडीत टॉनी मेयोरिन नावाची महिला काम करत होती, कामाबद्दल तक्रार नव्हती. नंतर नवी चाचणी आली : अडीच किलोमीटर ११ मिनिटांत. चार प्रयत्नांत तिची सर्वोत्तम वेळ ४९.४ सेकंदांनी जास्त आली आणि नोकरी गेली. सप्टेंबर १९९९ मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. संशोधकांनी त्याचा शेवटचा भाग तरी वाचावा. चाचणी बनवणाऱ्यांनी चाचणीत भाग घेतलेल्यांची सरासरी कामगिरी मोजली होती आणि तीच 'किमान गरज' म्हणून लिहिली होती. स्त्रियांचे आकडे वेगळे तपासलेही नव्हते. काम करणारा माणूस कसा आहे, हे मोजलं म्हणजे कामाला काय लागतं ते कळत नाही. भरतीला आलेल्यांना एकमेकांत क्रम लावायचा असेल तर धावणं चालेल, पण मग त्याला कामाची गरज म्हणू नका. आणि गरज सिद्ध करायची असेल तर आधी जंगलात जाऊन काम तोडून बघावं लागतं : किती चढ, किती ओझं, आग लागली तर किती वेळ झाडपाल्याने झोडपणं, महिन्यातून किती वेळा.

तर त्या मुलीला मी एवढंच सुचवलं. विषयातले 'विविध व्यवसाय' काढ, एकच काम घे. पहिले पंधरा दिवस कोणतंही यंत्र नेऊ नको. एका कामगाराशेजारी बसून सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रत्येक टप्पा, त्याला लागलेली मिनिटं, शरीराची ठेवण आणि अवजार लिही. त्या यादीवरून ठरव की ऊर्जा मोजायची, ताकद, ठेवण, पुनरावृत्ती की उष्णता. मगच नीतिसमितीचा अर्ज भर, कारण साधन बदललं की अर्जही पुन्हा भरावा लागतो. मी दोनदा भरलाय.

माझा सुधारलेला आराखडा मंजूर झालाय. आईने संमतीपत्रावर सही केली, पण एका अटीवर : अंगठ्याची पकड मोजणारं यंत्र आणलं तर आधी शेजारच्या काकूंना लावायचं. त्या दिवसाला तिच्यापेक्षा जास्त वळतात.