रक्तात उतरली, पण रुजली का?

गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो, हा समज आपल्याकडे इतका घट्ट आहे की त्यापायी कित्येक जण बायोप्सी महिनोन्‌महिने पुढे ढकलतात. या भीतीच्या मुळाशी एक गृहीतक असतं: कॅन्सरची पेशी रक्तात शिरली, म्हणजे ती कुठेतरी रुजणारच. प्रत्यक्षात रक्तात शिरणं सोपं, रुजणं महाकठीण. पेशीला आधी वाहत्या रक्तात थांबावं लागतं. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ जेम्स यूइंग यांचं १९२० च्या दशकातलं म्हणणं असं, की पेशी जिथे वाट अरुंद होते तिथे अडकतात. त्यात तथ्य आहे. सर्वांत बारीक रक्तवाहिन्या सुमारे ८ मायक्रॉन रुंद, तर कॅन्सरच्या पेशी बहुधा त्याहून बऱ्याच मोठ्या. शिवाय आतड्यांतलं रक्त आधी यकृतात जातं, म्हणून मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुतेकदा यकृत गाठतो.

पण नुसतं अडकून भागत नाही, भिंतीला धरून राहावं लागतं. शरीरात कुठे दाह झाला की तिथल्या रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर ई-सिलेक्टिन नावाची प्रथिनं उगवतात. ती पांढऱ्या पेशींवरच्या विशिष्ट शर्करासाखळ्या पकडतात, पेशीचा वेग मंदावतो आणि ती भिंतीलगत गडगडत जाते. मग इंटिग्रिन ही प्रथिनं पकड पक्की करतात आणि पेशी भिंतीतून बाहेर निसटते. कॅन्सरच्या अनेक पेशी अशाच शर्करासाखळ्या अंगावर वागवतात आणि पांढऱ्या पेशींसाठी केलेली ही सोय वापरून घेतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये करतात ती सीए १९-९ ही रक्ततपासणी याच जातीची एक साखळी मोजते. रक्तातल्या प्लेटलेट्सही या पेशींभोवती गोळा होऊन त्यांना आडोसा देतात.

एवढी साधनं असूनही यश क्वचितच. संशोधक आयझाया फिडलर यांनी १९७० मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या पेशींना किरणोत्सारी खूण करून त्या उंदरांच्या शिरेत सोडल्या. २४ तासांनी ०.१ टक्क्याहूनही कमी पेशी जिवंत होत्या. पुढे १९८० मध्ये हार्ट आणि फिडलर यांनी उंदरांच्या मांडीत फुप्फुस, अंडाशय आणि मूत्रपिंड यांच्या ऊतींचे तुकडे रोवले आणि मेलानोमाच्या पेशी त्यांच्या शिरेत सोडल्या. गाठी पहिल्या दोहोंत झाल्या, मूत्रपिंडाच्या तुकड्यात नाही; आणि सुरुवातीला किती पेशी थांबल्या, यावरून हा फरक उलगडत नव्हता. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासून मांडलेला ‘बी आणि माती’चा विचार, म्हणजे पेशीच्या बीला अवयवाची माती मानवली तरच ते रुजतं, इथे खरा ठरला.

मग पकडच तोडणारं औषध का देत नाहीत? कारण तीच पकड पांढऱ्या पेशींनाही लागते. ती सरसकट तोडली तर जंतुसंसर्गाशी लढणार कोण? शिवाय एक पकड सुटली तरी पेशीकडे दुसरी असते, आणि निदान होईपर्यंत काही पेशी कधीच्या बाहेर पडलेल्या असतात. बहुतेक पेशी मरतातच, तर कॅन्सर पसरतो तरी कसा? मोठी गाठ रोज नव्या पेशी रक्तात सोडते, आणि लाखांतली एखादी टिकली तरी पुरते. म्हणजे धोका सुईच्या एका टोचणीत नाही, शरीरात राहू दिलेल्या गाठीत आहे. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, पण विरळ. जिथे ती शंका असते तिथे डॉक्टर वेगळा मार्ग निवडतात. तेव्हा डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली, तर ती वेळेवर करून घ्या.