उघड्या टपाची जुनी मोटार व तिचा जीर्णोद्धार

मोटारगाडी ही वस्तु आमच्या वाचकांस आतां नवलाची राहिलेली नाहीं. ठाण्यांत किंवा डोंबिवलींत नुसता रस्ता ओलांडावयाचा म्हटला तरी तिचा परिचय नको तितका घडतो. परंतु जिचा टप कापडाचा असून तो घडी घालून मागें टाकतां येतो, अशी उघडी मोटार मात्र आज क्वचितच दृष्टीस पडते. एके काळीं स्थिति याच्या उलट होती. मुंबईस शिवडी येथें जनरल मोटर्स कंपनीनें गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला. त्यांतून १९२८ च्या डिसेंबरांत बाहेर पडलेली पहिली गाडी अशीच उघड्या टपाची शेवरलेट होती. तो कारखाना १९५४ सालीं बंद झाला. त्या पिढीच्या गाड्यांपैकीं बहुतेक भंगारांत गेल्या, आणि थोड्या कोणाच्या पडवींत, कोणाच्या आवारांत ताडपत्रीखालीं निजून राहिल्या.

अशी एखादी गाडी वाड्याच्या मागील अंगणांत सांपडली तर ती घरच्या घरीं पुन्हां उभी करतां येईल काय? आमचें उत्तर होकारार्थी आहे. परंतु लोक ज्या क्रमानें या कामास हात घालतात त्या क्रमानें नव्हे. प्रथम एंजिन चालूं करून पाहावें, मग झकास रंग द्यावा, आणि राहिलेलें सावकाश पाहावें, अशी बहुतेकांची रीत असते. उघड्या गाडीच्या बाबतींत ही रीत घातक आहे. तिचें कारण समजून घेण्याजोगें आहे.

विद्यार्थ्यांनीं बुटांचा पुठ्ठ्याचा रिकामा खोका घ्यावा व झांकण लावून तो दोन्ही हातांनीं पिळून पाहावा. तो सहसा वांकत नाहीं. आतां झांकण काढून पुन्हां पिळावा. तो लगेच वेडावांकडा होतो. मोटारीचा पक्का टप हें खोक्याचें झांकण होय. तें नसलें म्हणजे गाडीची सर्व ताठरता खालच्या चौकटीवर, तळावर आणि दारांखालील उंबऱ्यांवर येऊन पडते. म्हणून बंद गाडीचा तळ कुजला तर ती कांहीं दिवस तग धरील, पण उघडी गाडी मध्यभागीं खचूं लागते. तिचीं दारें एके दिवशीं लागेनाशीं होतात. मग माणसें बिजागऱ्यांस दोष देतात.

येथें एक सूचना केल्यावांचून राहवत नाहीं. हौसेखातर जुन्या फियाट गाडीचा टप करवतीनें कापून ती 'उघडी' करण्याची कल्पना कित्येकांच्या मनांत येते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत झालेल्या त्या गाडीस खालीं निराळी चौकटच नसते. टप, खांब आणि तळ मिळून तिचें एकच कवच बनलेलें असतें. टप कापला म्हणजे तिचा कणाच मोडला. मद्रासच्या स्टँडर्ड हेरल्ड गाडीची गोष्ट वेगळी. तिला खालीं स्वतंत्र पोलादी चौकट आहे. सर्व गाड्या आंतून सारख्याच असतात, हा समज आधीं सोडला पाहिजे.

१९२८ च्या शेवरलेटची रचना आजच्या मुलांस चमत्कारिक वाटेल. खालीं पोलादी चौकट, तिच्यावर कठीण लाकडाचा सांगाडा, आणि त्या लाकडावर बारीक खिळ्यांनीं ठोकलेला पत्रा, असा तो प्रकार होता. दारांचे खांब लाकडाचे, टपाच्या कमानीही लाकडाच्या. आमच्या भागांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि खाडीकडून खारा वारा येतो तो निराळाच. अशा हवेंत पत्र्याला गंज चढतो हें सर्वांना दिसतें. परंतु पत्र्यामागील लाकूड कुजतें किंवा वाळवी खाते, तें मात्र कोणाला दिसत नाहीं. गाडी प्लॅस्टिकच्या कापडानें जमिनीपर्यंत गुंडाळून ठेवण्यानें तर अधिकच नुकसान होतें. जमिनींतून वर येणारी वाफ आंत कोंडून राहते आणि गाडी बारा महिने दमट राहते. त्यापेक्षां चारही बाजूंनीं वारा खेळेल असें साधें पत्र्याचें छप्पर बरें. गाडी ठोकळ्यांवर चढवून ठेवावी. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं मात्र कोणीही शिरूं नये.

कोणताही भाग सोडविण्यापूर्वीं त्याचीं छायाचित्रें घ्यावीं, प्रत्येक खिळास्क्रू निराळ्या डबींत घालून वर नांव लिहावें. हें काम कंटाळवाणें आहे खरें, पण दोन वर्षांनीं हातांत आलेला बोल्ट कोठला हें तेव्हां आठवत नाहीं. शिवाय या गाडीचे बोल्ट इंचाच्या मापाचे असतात. मिलिमीटरचे पाने लावले तर त्यांच्या कडा झिजून गोल होतात व मग ते छिन्नीनें तोडावे लागतात.

कागदपत्रांचा विचारही याच वेळीं करावा. केंद्र सरकारनें २०२१ सालीं मोटार नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठीं स्वतंत्र नोंदणी सुरू केली. तिच्या क्रमांकांत राज्याच्या अक्षरांपुढें 'व्हीए' हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये व पुनर्नोंदणीस पांच हजार रुपये शुल्क ठरविण्यांत आलें, आणि नोंदणीची मुदत दहा वर्षांची आहे. अशी गाडी रोजच्या प्रवासास वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, शर्यतवजा फेऱ्या, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणें, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणावयाची. मुख्य अट अशी कीं, चौकट, सांगाडा आणि एंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. म्हणजे कुजलें लाकूड काढून त्याच मापाचें लाकूड बसविणें ठीक, परंतु दुसऱ्या गाडीचें एंजिन आणून बसविलें तर मेहनत वायां गेली. चौकटीवर कोरलेला क्रमांक गंज घासतांना पुसला जाऊं नये म्हणून त्यावर आधींच चिकटपट्टी लावून ठेवावी. ठाण्याच्या 'एमएच ०४' किंवा कल्याणच्या 'एमएच ०५' कचेरींत जाण्यापूर्वीं हा क्रमांक कागदांशीं ताडून पाहावा.

आतां सांगाड्याकडे वळूं. एक दाभण घेऊन लाकडाच्या प्रत्येक सांध्यांत खुपसावें. जेथें तें लोण्यांत गेल्यासारखें आंत जातें, तेथील लाकूड मेलें असें समजावें. परंतु तें उपटण्याची घाई करूं नये. प्रथम प्रत्येक दाराच्या जागेचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवावे, डाव्या बाजूचें माप उजव्या बाजूशीं ताडावें, आणि त्या जागेंत लोखंडी पट्टी आडवी बांधून टाकावी. भूमितीच्या तासाला कर्णाचा उपयोग काय असें विचारणाऱ्या विद्यार्थ्यांस त्याचें उत्तर येथें मिळेल. एका वेळीं एकच तुकडा काढावा. कितीही कुजका असला तरी तोच नव्या तुकड्याचा नमुना असतो. नव्यासाठीं जुनें, मुरलेलें सागवान घ्यावें. शहापूर-मुरबाडच्या रानांत साग आपोआप वाढतो आणि वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. जुन्या घराच्या तुळईचा तुकडा मिळाला तर फारच उत्तम. हें काम मोटारीच्या मिस्त्रीचें नसून सुताराचें आहे. मुलांनीं त्याच्याजवळ बसून सांधा कसा धरतो तें पाहावें असें आम्ही आग्रहानें म्हणतों.

गंज म्हणजे लोखंड, प्राणवायु व पाणी यांच्या संयोगानें झालेला पदार्थ. तो मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग फुगून येतो. गंजावर लांबी भरून रंग दिल्यास तो आंतल्या आंत वाढतच राहतो. लहान भागांचा गंज काढण्याची एक रीत शाळेच्या प्रयोगशाळेंत शोभेल अशी आहे. प्लॅस्टिकच्या टबांत दर चार लिटर पाण्यास एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेला भाग बॅटरी भरण्याच्या यंत्राच्या ऋण टोकास व भंगार लोखंडाचा तुकडा धन टोकास जोडून दोन्ही एकमेकांस न लागतील असे पाण्यांत सोडावे. कांहीं तासांत गंज सुटूं लागतो. या क्रियेंत हायड्रोजन वायु निघतो, म्हणून ती उघड्यावर व विस्तवापासून दूर करावी. धन टोकास स्टेनलेस पोलाद लावूं नये, त्यांतून विषारी क्षार उतरतात. ॲल्युमिनियमचे भाग, स्प्रिंगा आणि ब्रेकच्या दांड्या यांत मुळींच घालूं नयेत. साफ झालेला भाग धुऊन, वाळवून लागलीच त्यावर अस्तराचा हात द्यावा. पावसाळ्यांत घटकाभरांत त्यावर पुन्हां तांबूस थर धरतो. म्हणून पत्र्याचें काम दसऱ्यापासून वैशाखापर्यंत करावें आणि पावसाळा सुतारकामास व शिवणकामास ठेवावा.

पालकांसाठीं दोन शब्द. त्या काळच्या रंगांत शिसें असे आणि ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस. हे दोन्ही पदार्थ धुळीच्या रूपानें पोटांत व फुप्फुसांत जातात. जुना रंग कोरडा घासूं नये, पाणी लावून घासावा, आणि ब्रेकमधील धूळ फुंकूं नये, ओल्या फडक्यानें टिपावी. लहान मुलांस त्या जागीं येऊंच देऊं नये. पेट्रोलची टाकी रिकामी असली म्हणजे निर्धोक झाली असें नाहीं. आंतील वाफ ठिणगी लागतांच पेटते. टाकीस झाळ लावण्याचें काम घरीं कोणत्याही सबबीवर करूं नये.

एंजिनाविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. कुशल मिस्त्री तें करतोच. फक्त वर्षानुवर्षें बंद असलेलें एंजिन एकाएकीं फिरवूं नये. प्लग काढून प्रत्येक नळकांड्यांत थोडें तेल सोडावें, कांहीं दिवस थांबावें आणि मग हँडलनें हलक्या हातानें फिरवून पाहावें. एंजिन चालण्याआधीं गाडी थांबेल कीं नाहीं हें ठरलें पाहिजे. या शेवरलेटचे ब्रेक चारही चाकांस असले तरी ते दांड्यांनीं ओढले जाणारे आहेत, आणि चारही सारखे धरतील असे जुळविणें हें धीराचें काम आहे.

शेवटीं टप. जुनें कापड फाटलें म्हणून फेंकून देऊं नये. त्याची शिवण उसवून प्रत्येक तुकडा सपाट पसरावा. नव्या कापडाचें बेतणें त्यावरूनच होतें. कमानी नव्या केल्या असल्यास आधीं टप उघडून-मिटून तीन-चारदां पाहावा, मगच जाड कापड शिवणाऱ्या कारागिराकडे जावें. कापड ताणून बसवितांना काटकसर नको, कारण पहिल्या पावसानें तें थोडें आंवळून येतें. आणि गाडी पावसांतून आली असेल त्या रात्रीं टप तसाच उभा राहूं द्यावा. ओला मिटलेला टप आठ दिवसांत बुरशीनें काळा पडतो, आणि तो डाग कशानेंही निघत नाहीं.