ओढणे सोपे, आवरणे अवघड

जड ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचा दम अश्वशक्तीच्या आकड्यावरून ठरवण्याची सवय जाहिरातींनी लावली आहे. पुण्याच्या दक्षिणेला, साताऱ्याकडून येणाऱ्या महामार्गावर या आकड्याचा फारसा उपयोग नसतो. नवीन कात्रज बोगदा संपला की रस्ता जांभूळवाडी, स्वामीनारायण मंदिर, भूमकर पूल असा उतरत नवले पुलाशी येतो. या पट्ट्यात चाळीस-पंचेचाळीस टनांचा ट्रेलर ओढावा लागतच नाही. तो आपल्याच वजनाने पुढे येत असतो आणि सगळा प्रश्न त्याला आवरण्याचा असतो.

महामार्गावर दिसणारा मोठा ट्रेलर म्हणजे दोन स्वतंत्र वाहने असतात. पुढच्या इंजिनवाल्या भागाला ट्रकवाले ‘घोडा’ म्हणतात. त्याच्या पाठीवर ग्रीस लावलेली एक जाड, गोल, खाच असलेली लोखंडी थाळी असते, ती ‘फिफ्थ व्हील’. ट्रेलरच्या पुढच्या टोकाखाली लोंबणारा ‘किंगपिन’ हा पोलादी खुंटा तिच्या खाचेत शिरून अडकतो आणि ट्रेलरचा पुढचा भार घोड्याच्या मागच्या चाकांवर येतो. न्हावा-शेवा बंदराचे कंटेनर, चाकणहून निघालेल्या नव्या मोटारी, पोलादाची गुंडाळलेली वेटोळी, सारे याच जोडणीवर पुण्याच्या आसपास फिरत असते.

किती वजन न्यायचे, हे कायदा ॲक्सलच्या हिशोबाने ठरवतो. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने या मर्यादा वाढवल्या. घोड्याच्या पुढच्या ॲक्सलला ६ ऐवजी ७ टन, मागच्या चार टायरच्या ॲक्सलला १०.२ ऐवजी ११.५ टन आणि ट्रेलरच्या तीन ॲक्सलना मिळून २४ ऐवजी २७ टन. बेरीज केली तर ४०.२ टनांचा ट्रेलर ४५.५ टनांचा झाला. फेऱ्या कमी होतात, टनामागे डिझेल कमी लागते, हा यातला फायदा. घाटात मात्र हे जादा पाच टन ब्रेकनाच झेलावे लागतात.

हे काम डिझेल इंजिनकडेच का जाते, याचे उत्तर पिळात, म्हणजे टॉर्कमध्ये आहे. डिझेल इंजिन हवा इतकी दाबते की ठिणगीशिवाय इंधन पेटते. मोठा दाब, लांब स्ट्रोक आणि टर्बोचार्जर यांमुळे त्याचा सर्वाधिक पीळ कमी फेऱ्यांवरच हाती येतो. मोठ्या ट्रकमध्ये मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांपासूनच इंजिन पूर्ण जोर लावू लागते. उभ्या ट्रेलरला चढावर हलवायचे असते तेव्हा हाच जोर कामाला येतो. वेग नंतरची गोष्ट. २५० अश्वशक्तीचे इंजिन ४५ टन घेऊन चार टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटरमागे चार मीटर उंचीचा चढ चढू लागले, तर वेग ताशी २५ ते ३० किलोमीटरच्या पुढे जात नाही. मागच्या मोटारवाल्याला हा आळस वाटतो, पण इंजिन तेव्हा पूर्ण ताकदीने राबत असते.

पुण्याचा या इंजिनांशी जुना संबंध आहे. किर्लोस्कर कमिन्सची स्थापना १९६२ साली झाली आणि कोथरूडचा कारखाना अनेक पुणेकरांना अजून त्याच नावाने ठाऊक आहे. याच कमिन्सचे डिझेल इंजिन अमेरिकेत १९८९ पासून डॉजच्या, आताच्या रॅमच्या, पिकअपमध्ये बसू लागले. तिकडे खऱ्या घोड्यांचा ट्रेलर, होडी, फिरते घर, शेतीची अवजारे हे सारे पिकअपमागे जोडून नेण्याची रीत आहे आणि सर्वांत दणकट पिकअप पंधरा टनांहून जास्त वजन ओढतात.

आपल्याकडचा पिकअप निराळ्या जातीचा. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे कांद्याच्या गोण्या उतरवणारा पिकअप सगळा माल पाठीवर वाहतो. पट्ट्यांच्या स्प्रिंगा मागे ठासून भरलेल्या, पण मागे काही जोडायची सोय बहुधा नसते. इसुझू व्ही-क्रॉस किंवा जानेवारी २०२२ मध्ये भारतात आलेली टोयोटा हायलक्स हे पिकअप मात्र ओढण्याच्या कामासाठी जगभर वापरले जातात. हायलक्सचे २.८ लिटरचे डिझेल इंजिन ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह ५०० न्यूटन-मीटर पीळ देते आणि परदेशांत ती साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढायला मान्यताप्राप्त आहे. आपल्याकडे असे ट्रेलर अजून थोडे आहेत. जनरेटर, कॉम्प्रेसर, धरणातल्या खेळांच्या बोटी आणि अलीकडे ओढायच्या कॅरव्हॅन, एवढेच.

साडेतीन टन हा आकडा ज्याला स्वतःचे ब्रेक आहेत अशा ट्रेलरचा असतो. ब्रेक नसलेल्या ट्रेलरला युरोपात सर्वसाधारण मर्यादा अवघ्या ७५० किलोची आहे. म्हणजे ट्रेलर स्वतः थांबू शकत नसेल, तर तीच गाडी आणि तेच इंजिन असूनही परवानगी एक चतुर्थांशाच्याही खाली येते. पुण्यात फॅब्रिकेशनच्या दुकानातून वेल्डिंग करून हूक लावून घेणाऱ्याने आधी हाच आकडा विचारात घ्यावा. ट्रेलर हे कायद्याने वेगळे वाहन आहे, त्याला स्वतःची नोंदणी आणि नंबर लागतो, हेही अनेकांच्या गावी नसते.

दुसरा हिशोब हुकावरच्या भाराचा. लहान ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार हुकावर यावा लागतो. अडीच टनांच्या ट्रेलरचा २५० ते ३७५ किलो भार पिकअपच्या अगदी मागच्या टोकावर बसतो आणि तेवढीच त्याची माल वाहण्याची क्षमता कमी होते. भार याहून जास्त झाला तर गाडीचे नाक उचलले जाते आणि स्टिअरिंग हलके लागते. कमी झाला, म्हणजे सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला भरले गेले, तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झुलू लागतो. हे झुलणे सुरू झाल्यावर वेग वाढवून गाडी सरळ करण्याचा मोह होतो. नेमके तेच टाळायचे असते. ॲक्सिलरेटर सोडून, स्टिअरिंग सरळ धरून वेग आपोआप उतरू देणे हाच मार्ग. ट्रेलरचे ब्रेक वेगळे लावता येत असतील तर फक्त तेच हलके लावावेत.

पिकअप नवा असेल तर आणखी थोडा धीर धरावा लागतो. अमेरिकी कंपन्यांच्या पुस्तिकांत पहिल्या ५०० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटर, ट्रेलर जोडू नये असे सांगितलेले असते. इंजिनातल्या पिस्टन-रिंगा आणि मागच्या ॲक्सलची दातेरी चक्रे आपापल्या जागी सरावायला तेवढे अंतर लागते.

आता पुन्हा उतार. ४५.५ टनांचा ट्रेलर चार टक्क्यांच्या उतारावरून ताशी ४० किलोमीटरच्या स्थिर वेगाने उतरवायचा असेल, तर टायरचे घर्षण आणि हवेचा अडथळा वजा जाता सुमारे १६० किलोवॉट दराने ऊर्जा सतत कुठेतरी जिरवावी लागते. घरातला दोन किलोवॉटचा गीझर धरला तर असे ऐंशी गीझर एकाच वेळी चालू ठेवण्याएवढी ही उष्णता आहे. वेग साठवर नेला तर आकडा सव्वादोनशे किलोवॉटच्या आसपास जातो. चालकाने केवळ ब्रेकवर पाय ठेवला तर ही सारी उष्णता चाकांतल्या ड्रममध्ये साठते. ड्रम तापून फुगतो, लायनर त्याच्यापासून दूर पडतो आणि लायनरची पकडही घटते. जळका वास येतो, चाकातून धूर निघतो, पायाखालचे पेडल आधीसारखेच लागते. गाडी मात्र थांबत नाही. अपघातानंतर ‘ब्रेक फेल झाला’ असे सांगितले जाते. बऱ्याचदा ब्रेकची यंत्रणा धड असते, तापल्यामुळे ती निकामी झालेली असते.

त्यावरचा उपाय इंजिनातच आहे. गाडी गिअरमध्ये असेल तर चाके इंजिनाला फिरवतात आणि इंजिन अडथळा करते. डिझेल इंजिनात हवा अडवणारी झडप सहसा नसल्याने हा अडथळा पेट्रोलपेक्षा कमी असतो, म्हणून ट्रकमध्ये एक्झॉस्ट ब्रेक देतात. धुराच्या नळीतली झडप बंद होते, पिस्टनला कोंडलेल्या वायूविरुद्ध काम करावे लागते आणि उष्णतेचा मोठा वाटा ड्रमऐवजी इंजिनातून बाहेर पडतो. मात्र इंजिनाच्या फेऱ्या जास्त असतील तरच याचा जोर मिळतो. म्हणून गिअर खालचा हवा आणि तो उतार सुरू होण्याआधीच टाकलेला हवा. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या चालकांचा नियम गणिताच्या कसोटीवरही टिकतो.

तरीही उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडली जाते. डिझेल वाचते ही समजूत त्यामागे आहे आणि आजच्या इंजिनांबाबत ती साफ चूक आहे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत इंधनाचा पुरवठा संगणक ठरवतो. गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर इंधन पूर्ण बंद करतात, कारण इंजिन चाकांच्या जोरावरच फिरत असते. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडू नये म्हणून उलट थोडे डिझेल जाळावे लागते. काहीजण इंजिनच बंद करतात. ते सर्वांत घातक, कारण ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही इंजिनावर चालतात. दाब फार उतरला तर स्प्रिंगचे ब्रेक आपोआप लागतात खरे, पण ते तापलेल्या त्याच ड्रमवर घासतात.

या समजुतीला पैशाचे खतपाणी आहे. मालवाहतुकीत चालकाला फेरीमागे ठरावीक डिझेल किंवा त्याचे पैसे देण्याची पद्धत जुनी आहे आणि वाचेल ते त्याचे. ज्याला महिनाभराच्या पगाराइतकाच वाचवलेल्या डिझेलचा आधार वाटतो, त्याला उताराच्या पाटीचा उपदेश पुरत नाही. दोष एकट्या चालकाच्या माथी मारणे सोपे आहे. फेरीचा हिशोब आखणाऱ्या मालकाचाही त्यात वाटा आहे.

२० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री नवले पुलाजवळ एका जड वाहनाने उतारावर ताबा सुटून चाळीसहून अधिक वाहनांना धडक दिली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच परिसरात कंटेनर ट्रेलरच्या धडकेनंतर आग लागून आठ जणांचा जीव गेला. दोन्ही ठिकाणी उतार संपतो तिथेच शहर सुरू होते: सेवा रस्ते, दुचाक्या, रस्ता ओलांडणारी माणसे. महामार्गाचा उतार आणि वस्तीचा चौक यांची ही गाठ आखणीतच पडलेली आहे.

रेल्वेने हाच प्रश्न बोरघाटात फार पूर्वी हाताळला. १८६३ मध्ये सुरू झालेल्या या मार्गाचा चढ ३७ ला १ आहे. चढताना कर्जतहून मागे बँकर इंजिने जोडतात, हे प्रवाशांना ठाऊक असते. उतरतानाची व्यवस्था फार जणांच्या लक्षात येत नाही. मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणी उतरणाऱ्या गाडीला थांबावेच लागते आणि ती थांबली तरच सांधे मुख्य मार्गाकडे वळतात. गाडी आवरली नाही तर ती बाजूच्या चढत्या रुळांवर जाऊन स्वतःच्याच वजनाने थांबते. कित्येक देशांत महामार्गांच्या उतारांवरही असे खडी भरलेले चढते फाटे असतात. सावधगिरीच्या पाट्या, रंबल पट्ट्या आणि कॅमेरे वेग कमी करायला सांगतात. तापलेल्या ब्रेकच्या गाडीला ते थांबवू शकत नाहीत.

बाकीची काळजी निघण्यापूर्वीची. किंगपिन अडकल्यावर ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा हलकेच पुढे ओढून पाहणे, लाल आणि पिवळ्या हवेच्या नळ्या घट्ट बसल्या आहेत का ते तपासणे, मागचे दिवे लावून खाली उतरून बघणे. याला पाच मिनिटे पुरतात.

पुणेकर मोटारचालकाच्या हातीही थोडे आहे. ताशी ६० ने येणारा भरलेला ट्रेलर, ब्रेक थंड आणि रस्ता सपाट असतानाही, चालकाने धोका ओळखल्यापासून साधारण ६० मीटर घेतो. उतारावर ब्रेक तापलेले असतील तर अंतराचा भरवसा नाही. त्याने पुढे ठेवलेली मोकळी जागा आपल्यासाठी नसते. बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना त्या जागेत गाडी घुसवू नये.