दोन बहिणी, एकच तालीम

मुलींना थोडी चित्रकला यावी, थोडा पियानो वाजवता यावा, भरतकाम यावे, म्हणजे घराची शोभा वाढते आणि स्थळही चांगले मिळते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या खानदानी घरांतला हिशेब असा होता. मोरिझो कुटुंब अशांपैकीच एक. वडील मोठे सरकारी अधिकारी. 1857 साली आईने तिन्ही मुलींना चित्रकलेच्या शिकवणीला घातले, तेही एवढ्यासाठीच की वडिलांच्या वाढदिवसाला मुलींनी आपल्या हातची चित्रे भेट द्यावीत. पहिल्या मास्तरांचे शिकवणे अगदी कंटाळवाणे निघाले. थोरल्या ईव्हने लवकरच नाद सोडला. मधली एद्मा आणि 16 वर्षांची बर्थ मात्र मागे हटल्या नाहीत.

दुसरे उस्ताद जोझेफ गिशार यांनी मुलींचा हात पाहिला आणि आईला स्पष्टच बजावले. या मुली दिवाणखान्यापुरत्या थांबणार नाहीत, त्या खऱ्या चित्रकार होतील आणि तुमच्यासारख्या घरात ही गोष्ट आफत ठरू शकते, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. आम्हाला या उस्तादांपेक्षा त्या आईचे जास्त कौतुक वाटते. इशारा ऐकूनही तिने शिकवणी बंद केली नाही.

त्या काळी पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत, एकोल दे बोझारमध्ये, मुलींना प्रवेशच नव्हता. मग शिकायचे कुठे? गिशार यांनी बहिणींना लूव्र संग्रहालयात नेले. जुन्या उस्तादांच्या चित्रांसमोर ईझल मांडायचे आणि हुबेहूब नक्कल करायची. रंगावर रंग कसा चढवतात, प्रकाश कुठून येतो, हे नक्कल करता करता हातात उतरते. तरुण मुलींनी एकटे बसायचे नाही, म्हणून आई विणकाम घेऊन शेजारी बसे.

पुढे दोघींना उघड्यावर, झाडापाण्यासमोर बसून रंगवायची ओढ लागली. तेव्हा गिशार यांनी त्यांना निसर्गचित्रांचे मोठे नाव असलेल्या कोरो यांच्याकडे पाठवले. कोरो धडे कमी देत. आपली चित्रेच नकलेसाठी घरी नेऊ देत. वडिलांनी बागेत मुलींसाठी स्टुडिओ बांधून दिला. 1864 मध्ये पॅरिसच्या सलोन या सरकारी प्रदर्शनात दोन्ही बहिणींची चित्रे लागली. इथपर्यंत दोघींची वाट एकच होती.

1869 मध्ये एद्माचे लग्न झाले. नवरा नौदलात अधिकारी, संसार लोरियां या बंदराच्या गावी. तिचा ब्रश तिथेच थांबला. कुणी मनाई केल्याचे दिसत नाही. पण बहिणीला लिहिलेल्या पत्रात ती म्हणते की मन अजून तुझ्या स्टुडिओतच फिरत असते. तिने काढलेले एक चित्र आजही पाहायला मिळते: ब्रश हातात घेऊन कामात गढलेली बर्थ.

बर्थची वाटही सोपी नव्हती. आई आणि एद्मा यांचे एक चित्र ती 1870 च्या सलोनसाठी पूर्ण करत होती. शेवटच्या दिवशी तिचे स्नेही, नामवंत चित्रकार एदुआर माने घरी आले. थोडी सुधारणा करतो म्हणत त्यांनी आईच्या झग्याच्या खालच्या काठापासून सुरुवात केली आणि हात चेहऱ्यापर्यंत गेला. दाराशी चित्र न्यायला गाडीवाला ताटकळत उभा. चित्र तसेच गेले, प्रदर्शनात लागलेही. बर्थला मात्र ते आपले राहिले नाही याचे फार वाईट वाटले. वर्गात मुलाच्या वहीतली रेघ आपणच सुधारून देण्याचा मोह किती घातक, हे शिक्षकांना सांगायला नकोच.

1874 मध्ये मोने, देगा, रन्वार, पिसारो वगैरेंनी सलोनला बगल देऊन स्वतःचे प्रदर्शन भरवले. हेच पुढे इम्प्रेशनिस्ट, मराठीत दृक्प्रत्ययवादी, म्हणून ओळखले गेले. रेखीव बाह्यरेषेपेक्षा त्या क्षणीचा उजेड पकडायचा, ही त्यांची रीत. सलोनमध्ये चित्रे लागत असूनही बर्थ त्यांच्यासोबत गेली. तिथे तिने मांडलेले ‘पाळणा’ हे चित्र आज सर्वात प्रसिद्ध आहे. पातळ पांढऱ्या पडद्याआड झोपलेले बाळ, आणि गालाला हात लावून त्याच्याकडे पाहणारी आई. ती आई म्हणजे एद्मा. हे चित्र आता पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, 33 व्या वर्षी, बर्थने एदुआर यांचे धाकटे भाऊ युजेन माने यांच्याशी लग्न केले. चित्रांवर सही मात्र माहेरच्या नावानेच राहिली. बर्थ प्रवासात असताना 1882 च्या प्रदर्शनात तिची चित्रे टांगण्याची धावपळ युजेननेच केली. असा नवरा मिळणे हा तिच्या कारकिर्दीचा मोठा भाग होता असे आम्हाला वाटते, आणि ग्रंथांत त्याची दखल कमीच घेतली जाते. या मंडळींची एकूण 8 प्रदर्शने झाली, त्यांपैकी 7 मध्ये बर्थ होती. एकच चुकले, 1879 चे, कारण काही महिन्यांपूर्वी मुलगी ज्युलीचा जन्म झाला होता. ज्युली मग आईच्या चित्रांतून वाढत गेली: बागेत, खिडकीत, वडिलांजवळ खेळताना.

1892 मध्ये युजेन वारले. त्याच वर्षी बर्थचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन झाले, आणि 1894 मध्ये फ्रेंच सरकारने तिचे एक चित्र विकत घेतले. पुढच्या वर्षी आजारी ज्युलीची शुश्रूषा करताना तिलाही ताप आला, आणि 2 मार्च 1895 रोजी ती गेली. वय 54. तीस वर्षे प्रदर्शने केलेल्या या बाईच्या मृत्यूच्या दाखल्यावर लिहिले गेले: व्यवसाय नाही.

पुढच्या वर्षी देगा, मोने, रन्वार आणि कवी मालार्मे यांनी स्वतः राबून तिच्या जवळपास 400 कलाकृतींचे प्रदर्शन मांडले. सरकारी कलाशाळेचे दार मुलींसाठी 1897 मध्ये उघडले. ज्युली तेव्हा 18 वर्षांची होती, आणि तीही चित्रे काढत होती.